लेझरच्या नळीचे पाणी
कार्बन डायऑक्साइड लेझरच्या काचेच्या नळीला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो, म्हणून तिच्यातून फिरणारे पाणी १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखावे. मात्र दमट हवेत ते फार थंड केल्यास नळीवर दव साचते. टाकीत डिस्टिल्ड पाणीच भरावे, कारण नळाच्या पाण्यातील क्षार काचेवर थर धरतात आणि वीजही वाहून नेतात. पाणी हिरवट दिसू लागले किंवा पाइप आतून बुळबुळीत लागला, की यंत्राचा प्लग काढून सगळे पाणी बदलावे. नव्या पाण्याबरोबर हवा शिरतेच. टोकाशी अडकलेला एखादा बुडबुडाही तेथे काच तापवून तडकवू शकतो, तेव्हा लेझर बंद ठेवून फक्त पंप चालवावा आणि यंत्र किंचित तिरके करून बुडबुडा बाहेर काढावा. हे काम चिकाटीचे आहे, घाई करू नये.