बाबांसाठी शर्टाचं ग्रीटिंग कार्ड

फुलं, लेस आणि चमकी असलेली कार्डं हवी तितकी सुचतात. बाबांचा किंवा मामाचा वाढदिवस आला की मात्र हात अडतो. अशा वेळी शर्टाची घडी नेहमी कामी येते.

बारीक चौकडीचा किंवा रेघांचा कागद १२ × १७ सेंमी कापा. मोठी चौकडी नको, एवढ्याशा शर्टावर ती चादरीसारखी दिसते. वरच्या कडेपासून अडीच सेंमी खाली, डावीकडून आणि उजवीकडून ४ सेंमी आत आडवी चीर द्या. मध्ये राहिलेला ४ सेंमीचा भाग म्हणजे गळा. आता चिरांच्या वर सुटलेल्या दोन्ही पट्ट्या पुढे तिरक्या दुमडा, टोकं खाली मध्यावर येऊ द्या. झाली कॉलर! कागद एकाच बाजूने छापलेला असेल तर कॉलर आपोआप पांढरी येते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त रुबाबदार दिसते.

कॉलर चिकटवण्याआधी गडद कागदाचा टाय तिच्याखाली सरकवा. हे विसरलात तर सगळं उचकटावं लागतं. मी दोनदा उचकटलंय.

घडीची रेघ आधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्या. कागद चिरफाळत नाही. चिकटवायला ग्लू स्टिकच वापरा, पातळ डिंकाने कागद फुगतो. मग हा शर्ट २०० ते २५० जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम; आकडा मोठा तितका कागद जाड), दुमडलेल्या साध्या कार्डावर लावा. मामा चहाचा शौकीन असेल तर खिसा करून त्यात टी-बॅग खोचा.