पहिलं यश पुढच्या यशाला कसं खेचतं आणि जोर कुठे लावायचा

एका पिशवीत एक लाल आणि एक निळा मणी टाका. न बघता एक काढा, तो परत टाका आणि त्याच रंगाच्या आणखी एका मण्याची भर घाला. पहिल्यांदा लाल निघाला, तर पुढच्या खेपेला लाल यायची शक्यता १/२ ची २/३ होते. पुन्हा लाल, की ३/४. अशा पन्नास खेपा करा, लाल मण्यांचं प्रमाण लिहून ठेवा आणि नवा डाव मांडा. दर डावात आकडा वेगळा येतो, पण एकदा स्थिरावला की फारसा हलत नाही. मणी मात्र सगळे सारखेच! सुरुवात दहा-दहा मण्यांनी केलीत, तर पहिल्या लालनंतर शक्यता जेमतेम ११/२१, म्हणजे ५२ टक्के.

तेव्हा जोर लावायचा तो पिशवी जवळजवळ रिकामी असताना. क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करणार असाल, तर मोहीम खुली करण्याआधीच ओळखीच्या आठ-दहा जणांना तारीख सांगून ठेवा आणि पहिल्याच दिवशी पैसे भरायला लावा. शून्यावर अडकलेल्या पानावर पहिला पैसा टाकायला कोणी धजत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावरचे एकही देणगी न मिळालेले २०० प्रकल्प घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून निम्म्यांना थोडे पैसे दिले. त्यांतल्या ७० टक्क्यांना पुढे इतरांकडूनही मदत आली. उरलेल्यांत ३९ टक्क्यांना. पहिली मदत वाढवली म्हणून परिणाम मात्र त्या पटीत वाढला नाही. एका बड्या देणगीदारामागे महिनाभर धावण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

खोटे अभिप्राय पेरू नका. पकडले जाण्याची भीती आहेच, शिवाय माल सुमार असेल तर रेटा फार काळ टिकत नाही. २००६ च्या एका प्रयोगात कोणतं गाणं इतर किती जणांनी डाउनलोड केलं ते श्रोत्यांना दिसत होतं. तिथे उत्तम गाणी क्वचितच पडली आणि टाकाऊ क्वचितच चालली. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आपलं काम बहुधा त्या मधल्या गर्दीतच असतं.

थोडक्यात हुकलेल्यांचं नुकसान वेगळंच. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या अनुदानात काठावर निवडल्या गेलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत काठावर हुकलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. त्याचं एक कारण अगदी साधं: हुकलेले पुन्हा अर्जच कमी करत होते. नकार आला की त्याच आठवड्यात पुढच्या अर्जाची मुदत शोधून कॅलेंडरवर टाका, आणि परीक्षकांचे शेरे त्या तारखेखालीच चिकटवून ठेवा.