हलगीवरून बीट करताना, आणि ते रॅपरला देताना

दिवसा मी उद्यमनगरात लेथवर असतो, रात्री मंगळवार पेठेतल्या खोलीत बीट, म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं संगीत, करतो. नवी पोरं विचारतात, रॅपरबरोबर काम कसं जमवायचं? मी म्हणतो, आधी वाजवणाऱ्याबरोबर जमवा.

नेटवरचं तयार लूप सोडा, हलगीवाल्याला बोलवा. गणपतीच्या तोंडावर नको, तेव्हा कुणी मोकळा नसतो. लहान खोलीत हलगी कानठळ्या बसवते, म्हणून भिंतींवर वाकळ टांगा. माइक दोन-अडीच फुटांवर, जरा तिरका. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेण्याची पातळी, इतका कमी ठेवा, की सगळ्यात जोराचा ठोकाही उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

खरी गंमत कातड्याची. दमट हवेत ते उतरतं. आमचे हलगीवाले मामा मधेच थांबतात, "उतरली बघ पोरा, शेकायला पायजे." मग दारात कागद पेटवायचा. शेकल्या शेकल्या सूर चढा असतो, थोड्या वेळानं पुन्हा खाली येतो. हे माहीत नव्हतं तेव्हा मी दोन वेळचे तुकडे जोडले होते. ऐकताना दोन वेगळी वाद्यं वाटली. आता प्रत्येक शेकण्यानंतर नवी फाइल, नवं नाव.

मामांच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, घालू नका. मी ९२ बीपीएमची, म्हणजे मिनिटाला ९२ ठोक्यांची, घातली, तर त्यांनी हेडफोनच काढून ठेवला. मोकळं वाजवू द्या, टेम्पो नंतर बसवा, पण प्रत्येक ठोका रेघेवर ओढू नका. डेट्रॉइटचा हिप-हॉप बीटवाला जे डिला एमपीसी ३००० या बीट करायच्या मशीनवर बऱ्याचदा क्वांटाइझ न करता, म्हणजे ठोके मशीनकडून रेघेवर न बसवता, हातानं वाजवायचा. मागंपुढं पडणारी ती चाल हीच त्याची ओळख झाली. ते मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

रॅपरला आधी फक्त एमपी३ द्या, सोबत बीपीएम आणि सूर लिहून. कडव्याच्या १६ बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) हलगी काढा, घुमकं, म्हणजे हलगीच्या जोडीचं खर्जातलं वाद्य, आणि बेस ठेवा. हलगीचा चटका शब्दांच्या 'ट', 'क'वर बसतो. अगदीच ठेवायची असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा. प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक हक्कांची वाटणी ठरल्यावरच.

वाटणी कागदावर. माझं पहिलं बीट एकानं स्वतःच्या नावानं नेटवर चढवलं. माझ्याकडं पुरावा काय, तर व्हॉट्सअॅपवरचं "लई भारी भावा". १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत, तेव्हा कागदावरही तिन्हींचे टक्के वेगवेगळे लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था गोळा करते, तिथं सभासद व्हा.

मामांचे पैसे त्याच दिवशी, हातात. आणि क्रेडिटमध्ये त्यांचं पूर्ण नाव. नुसतं 'पारंपरिक हलगी' लिहून उरकायचं नाही.