रोमेनियन शब्दांचं मूळ शोधताना या चुका टाळा

रोमेनियन ही लॅटिनची लेक. म्हणून तिच्यातला लॅटिन वळणाचा प्रत्येक शब्द रोमन सैनिकांबरोबरच डाचियात (आजच्या रोमेनियाच्या भागात) आला, असं धरून चालू नका. इथेच बहुतेकांचं गाडं फसतं.

'जुर्नाल' घ्या. अर्थ वर्तमानपत्र किंवा रोजनिशी. मूळ लॅटिन 'दिउर्नालिस', म्हणजे दिवसाचं. पण सुरुवातीच्या 'दि'चा 'ज' केला तो फ्रेंचने. रोमेनियनच्या तोंडी लॅटिन 'दिएस'चा 'झी' (दिवस) झाला. 'जुर्नाल' तिने एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून आयता उचलला. त्या काळी बुखारेस्ट आणि याश या शहरांतल्या बड्या घरची मुलं शिकायला पॅरिस गाठत. असे शब्द तेव्हा ढिगाने आले.

दुसरी चूक म्हणजे उच्चार न तपासणं. लॅटिन 'क्त'चा रोमेनियनमध्ये 'प्त' होतो: 'नोक्तेम'चं 'नोआप्ते' (रात्र), 'ओक्तो'चं 'ओप्त' (आठ), 'दिरेक्तुस'चं 'द्रेप्त' (सरळ, उजवा, शिवाय हक्कसुद्धा). मग 'दिरेक्त'मध्ये (थेट) 'क्त' शाबूत कसा? तो मागाहून आला म्हणून. तसंच दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'र' होतो. 'सोलेम'चं 'सोआरे' (सूर्य) झालं, पण 'सोलार'चा (सूर्याचा, सौर) 'ल' टिकला. मात्र यावरून शब्द उशिरा आला एवढंच कळतं. तो फ्रेंचमधून आला, इटालियनमधून की पंडितांच्या लॅटिनमधून, ते वेगळं पाहावं लागतं.

एकाच मुळातून निघालेल्या शब्दजोड्यांची गल्लत तर हमखास होते. 'मोर्मिंत' म्हणजे कबर, 'मोनुमेंत' म्हणजे स्मारक. दोन्हींच्या मुळाशी 'मोनुमेंतुम'च. आपल्या काम आणि कर्मासारखीच ही जोडी, फक्त इथला 'कर्म' फ्रेंचच्या हातून आलाय.

उलटी चूकही होते: फ्रेंच दिसलं की लॅटिन लिहून मोकळं व्हायचं. 'फोतोलिउ' (आरामखुर्ची) फ्रेंच 'फोतय'वरून आला खरा, पण त्याच्यामागे फ्रँक लोकांचा जर्मॅनिक शब्द आहे, घडीच्या आसनाचा.

शेवटी कोशाकडे. 'देक्स' हा रोमेनियनचा प्रमाण कोश, पहिली आवृत्ती 1975ची. त्यात नुसतं 'लॅट.' असेल तर शब्द बहुधा वारशाचा, 'फ्रें., लॅट.' अशी जोडी दिसली तर त्यातलं एक खोडू नका. एकाच शब्दाला दोन-तीन वाटा असू शकतात. भाषाशास्त्रज्ञ आलेक्सांद्रू ग्राउर यांनी 1950मध्ये यालाच 'बहुविध व्युत्पत्ती' म्हटलं.