जावात लॉगिंगचे मॉड्यूल जोडताना या चुका टाळा

लॉगिंगच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते: नोंदी करण्याचे एपीआय (कोड ज्याला हाक मारतो तो इंटरफेस) आणि त्या प्रत्यक्ष लिहिणारे इंजिन यांची गल्लत. एसएलएफ४जे हे एपीआय आहे. लॉगबॅक आणि लॉग४जे-कोअर ही इंजिने. इंजिन कोणते, हे शेवटच्या अ‍ॅप्लिकेशनने ठरवायचे. लायब्ररीने नाही.

म्हणून तुमच्या लायब्ररीत मेव्हनच्या (डिपेन्डन्सी, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या, आणणारे बिल्ड साधन) कंपाइल स्कोपला फक्त एसएलएफ४जे-एपीआय ठेवा. चाचण्यांसाठी लॉगबॅक-क्लासिक लागतेच, पण ते टेस्ट स्कोपला. ते कंपाइलमध्ये राहिले की वापरणाऱ्याच्या क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते ती यादी) गुपचूप जाते. त्याचे स्वतःचे इंजिन आधीच तिथे असेल, तर एकापेक्षा जास्त प्रोव्हायडर (एसएलएफ४जेला इंजिन जोडून देणारा भाग) सापडल्याचा इशारा येतो आणि दोघांपैकी कोणते चालेल हे क्लासपाथच्या क्रमावर अवलंबून राहते. एका मशीनवर लॉग दिसतात, दुसऱ्यावर नाहीत, ते यामुळेच.

दुसरी चूक आवृत्त्यांची. एसएलएफ४जे १.७ ठरावीक नावाचा क्लास शोधून इंजिनाशी जोडले जायचे, २.० सर्व्हिसलोडर (जावाचीच प्रोव्हायडर शोधण्याची सोय) वापरते. त्यामुळे एपीआय २.० आणि लॉगबॅक १.२ एकत्र आले, तर प्रोव्हायडर सापडत नाही आणि सगळे लॉग गायब होतात. एरर नाही, सुरुवातीला फक्त एक इशारा. म्हणूनच हे शोधायला वेळ जातो. जावा ८ असेल तर लॉगबॅक १.३ घ्या, ११ किंवा पुढचे असेल तर १.५. लॉग४जे वापरत असाल तर जोडणीच्या मॉड्यूलच्या नावात ‘एसएलएफ४जे२’ आहे ना, ते बघा.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये लॉग४जे२चा स्टार्टर (तयार डिपेन्डन्सींचा संच) घालून मूळचा लॉगिंग स्टार्टर वगळायचा विसरणे, ही फार नेहमीची चूक. मूळ स्टार्टर लॉग४जेच्या नोंदी एसएलएफ४जेकडे पाठवतो, नवा स्टार्टर एसएलएफ४जेच्या नोंदी उलट लॉग४जेकडे पाठवतो. लॉग४जेला हे चक्र लक्षात आले की अ‍ॅप सुरूच होत नाही. उपाय एक्सक्लूजन (नको ती डिपेन्डन्सी वगळणे) हाच, पण तो मूळ स्टार्टर आणणाऱ्या प्रत्येक डिपेन्डन्सीवर लावा. एकावर लावून भागत नाही.

सगळे एका फॅट जारमध्ये (अ‍ॅप आणि त्याच्या सगळ्या लायब्रऱ्या असलेली एकच फाइल) बांधताना लॉग४जेची प्लगइन यादी असलेल्या फायली एकमेकींवर लिहिल्या जातात. मग पॅटर्नमधला तारखेचा साधा ‘डी’सुद्धा ओळखता येत नाही, अशी तक्रार येते. असा जार बांधणाऱ्या मेव्हनच्या शेड प्लगइनला या फायली एकत्र करणारा ट्रान्सफॉर्मर द्या. सर्व्हिसलोडर वाचतो त्या सर्व्हिसेसच्या फायलींसाठीही तसाच वेगळा लागतो.

काही बिघडले की कॉन्फिगरेशन चाळण्याआधी मेव्हनचा डिपेन्डन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुणामुळे येते ते दाखवणारी यादी) काढा. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉग४शेल ही सुरक्षेची त्रुटी लॉग४जे-कोअरमध्ये होती, एपीआयमध्ये नाही. ज्यांच्या ट्रीमध्ये कोअर कुठून येते हे स्पष्ट होते, त्यांना काय बदलायचे ते लगेच कळले.