दुपारच्या जुन्या मालिकांच्या आठवणींची बैठक कशी भरवावी

नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ज्यांनी टीव्हीसमोर काढल्या आहेत, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: वाळ्याच्या ताट्या लावलेला लोखंडी कूलर सुरू झाला की मालिकेतले निम्मे संवाद त्याच्या घरघरीत बुडून जात, आणि आवाज वाढवावा तर आतल्या खोलीत झोपलेले आजोबा उठत. त्यामुळे आम्ही त्या मालिका कानांनी कमी आणि डोळ्यांनी अधिक पाहिल्या. आजही त्यांतली वैरे आम्हाला आठवतात ती वाक्यांमुळे नव्हे, तर चेहऱ्यांमुळे. धरमपेठेतल्या आमच्या भिशीत गेले काही उन्हाळे आम्ही या आठवणींसाठी खास बसतो. त्या अनुभवावरून अशी बैठक कशी आखावी हे येथे मांडत आहे.

सर्वांत आधी, बैठक एखाद्या मालिकेच्या नावावर भरवू नये, तर एका वैरावर भरवावी. आम्ही पहिल्या वर्षी ‘शांती’ हा विषय घेतला होता. मंदिरा बेदी यांची ही दूरदर्शनवरील दैनंदिन मालिका 1994 मध्ये सुरू झाली आणि दुपार ही मालिकांची वेळ असू शकते हे आपल्याकडच्या घरांना तिनेच पटवले. पण आमचा पहिला तास नुसते कथानक जुळवण्यातच गेला, कोण कोणाचे कोण यावर वाद झाले आणि अभिनयाबद्दल एक शब्दही निघाला नाही. मालिका वर्षानुवर्षे चालते, तिचा आवाका बैठकीत मावत नाही. दोन माणसांमधले वैर मात्र मावते.

जोडी निवडताना दोन्ही बाजूंकडे स्वतःचे न्याय्य कारण आहे का, एवढेच पाहावे. एक बाजू निव्वळ दुष्ट असेल तर चर्चा दहा मिनिटांत आटोपते. या कसोटीवर 1995 मध्ये आलेली ‘स्वाभिमान’ फार समृद्ध आहे. उद्योगपती केशव मल्होत्रा मरण पावतो आणि त्याची प्रेयसी स्वेतलाना त्याच्या कुटुंबासमोर एकटी उरते. किटू गिडवाणी यांनी साकारलेल्या या स्त्रीची बाजू आमच्या आया उघडपणे घेऊ शकत नव्हत्या, तरी तिच्यावरून त्यांची नजर हटत नसे. कुटुंबाचा संतापही खोटा नव्हता आणि तिचा हक्कही खोटा नव्हता. ‘चार दिवस सासूचे’ ही संध्याकाळची मालिका, म्हणून काटेकोरपणे ती दुपारच्या यादीत बसत नाही. परंतु 2001 ते 2013 अशी ती चालली, तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले आणि रोहिणी हट्टंगडी यांची आशा देशमुख विरुद्ध कविता लाड यांची अनुराधा हा सामना वगळून मराठी घरात वैराची चर्चा पूर्ण होऊच शकत नाही. ज्या अभिनेत्रीने 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा साकारल्या, तिनेच ही करारी सासू उभी करावी, याचे अप्रूप आमच्या बैठकीत दरवर्षी नव्याने निघते.

केबल घरात आल्यानंतर स्टार प्लसवर ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ ही अमेरिकन मालिका पाहिलेली मंडळी गटात असतील तर स्टेफनी आणि ब्रुक ही जोडी अवश्य घ्यावी. मुळात दुपारच्या मालिकांचा हा प्रकार अमेरिकेतला. 1930 च्या दशकात तिथल्या रेडिओवर दिवसा गृहिणींसाठी लागणाऱ्या मालिकांना साबण कंपन्या पैसा पुरवत, त्यावरून ‘सोप’ हे नाव पडले. सुझन फ्लॅनरी यांनी स्टेफनी 1987 पासून 2012 पर्यंत साकारली आणि कॅथरीन केली लँग यांच्या ब्रुकशी तिचे वैर जवळजवळ तितकेच टिकले. अखेरीस स्टेफनी प्राण सोडते ती याच ब्रुकच्या मिठीत. इतक्या वर्षांचे वैर हेही एक नातेच असते, हे आमच्यातल्या ज्येष्ठ काकूंनी हा शेवट ऐकताच ओळखले, कारण त्यांच्या मते थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ यांचेही असेच असते.

जोडी ठरली की प्रत्येकीने एकच प्रसंग आठवून यावा, असे आठवडाभर आधी सांगावे. सांगताना ‘पुढे काय झाले’ यापेक्षा ‘तिने ते कसे केले’ याचे उत्तर द्यायचे, हा नियम आवर्जून पाळावा: हात कुठे होते, वळताना आधी मान वळली की डोळे, समोरची बोलत असताना ही काय करत होती. सुरुवातीला हे जड जाते, परंतु एकदा साधले की सगळ्यांना बोलावेसे वाटते. गेल्या वर्षी एका मैत्रिणीने स्वेतलाना दाखवण्यासाठी एकही वाक्य उच्चारले नाही. ती फक्त खुर्चीत ताठ बसली, हातातला पन्ह्याचा पेला सावकाश खाली ठेवला आणि दाराकडे पाहत राहिली. खोलीतल्या चौघींनी एकदम ‘हो, हो, अशीच!’ म्हटले.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जुन्या मालिकांचे तुकडे यूट्यूबवर मिळतात. त्यांतला वैराचा एक प्रसंग निवडून तो आधी आवाज पूर्ण बंद करून पाहावा आणि मगच आवाजासह पाहावा. दैनंदिन मालिकेत चित्रीकरण भराभर उरकावे लागते, देखावे तेच ते असतात, संवादांत आदल्या दिवशीचीच गोष्ट पुन्हा सांगितलेली असते. अशा वेळी नटाच्या हाती खऱ्या अर्थाने उरतो तो चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट आणि त्यातली दोन क्षणांची शांतता. आवाज गेला की पार्श्वसंगीताचा दणकाही जातो आणि कोणता चेहरा स्वतःच्या बळावर उभा आहे, ते लख्ख दिसते. ज्या खलनायिकेला आम्ही वर्षानुवर्षे थोर म्हणत आलो, ती आवाजाविना फिकी पडल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि जिच्याकडे कधी लक्षही गेले नव्हते अशी कोपऱ्यातली नणंद त्या प्रसंगाची खरी मालकीण निघाली आहे.

बोलताना नट आणि भूमिका यांत गल्लत होऊ देऊ नये. ‘मेली ती’ हा उद्गार पात्रासाठी चालेल, अभिनेत्रीसाठी नाही. या कलाकारांना पुरस्कारही सहज मिळत नसत: ‘ऑल माय चिल्ड्रन’ या अमेरिकन मालिकेत एरिका केन साकारणाऱ्या सुझन लुची यांना डेटाइम एमी हा दिवसाच्या कार्यक्रमांसाठीचा पुरस्कार मिळाला तो 1999 मध्ये, एकोणिसाव्या नामांकनानंतर. त्या चिकाटीचा मान राखावा.

एक वही ठेवावी आणि तिच्या पानांवर दोन रकाने आखावेत, एक आठवणीचा, दुसरा पडताळणीचा. साल, नट, वाहिनी हे पडताळूनच दुसऱ्या रकान्यात लिहावे. मात्र चुकीची आठवण खोडू नये. आमच्याकडे लोडशेडिंगमुळे भाग हमखास बुडत. मग शेजारच्या काकू संध्याकाळी ओट्यावर बसून तो सांगत आणि आम्ही तोच खरा मानत असू. ‘ती काही बोलूनच नाही राहिली, नुसती पाहून राहिली,’ असे त्या म्हणत आणि स्वतः तशाच पाहत. तो भाग मी पुढे शोधून पाहिला, तेव्हा त्यात ती स्त्री बरेच बोलत होती. तरी वहीत दोन्ही नोंदी आहेत.

बैठकीला आठ-दहा जणी पुरेत, आणि सकाळच्या पाळीनंतर घरी आलेले दादा किंवा शाळा बुडवून मालिका पाहणारे तेव्हाचे मुलगेही बोलवावेत. त्यांच्या आठवणी वेगळ्याच कोनातून येतात. सर्वांत वडीलधाऱ्या बाईंची पाळी शेवटी ठेवावी, आणि त्या बोलू लागल्या की कूलर बंद करावा. दहा-पंधरा मिनिटे उकडेल, पण त्यांचा बारीक झालेला आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल.