इत्सुकुशिमा देवस्थान : आधी भरती-ओहोटी पाहा, मग तिकीट काढा

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरचे इत्सुकुशिमा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान भरतीच्या पट्ट्यातच उभे आहे. त्यामुळे जायचा दिवस ठरवताना पहिले काम म्हणजे तिथले भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे. पातळी २५० सेंटिमीटरच्या वर गेली की मंदिर आणि समोरचे लाल तोरी म्हणजे महाद्वार पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते. ती १०० च्या खाली उतरली की तोरीपर्यंत चालत जाता येते. दोन्ही पाहायचे तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवस धरा. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचे अंतर असते, म्हणून बेटासाठी पूर्ण दिवस ठेवा.

हिरोशिमा स्टेशनवरून जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या सान्यो मार्गाने मियाजिमागुचीला अर्ध्या तासात पोहोचता येते. तिथून फेरी बोट दहा मिनिटांत पलीकडे सोडते. दिवसा जेआरची फेरी तोरीच्या जवळून जाते. जाताना उजवीकडे उभे राहा. फेरीच्या तिकिटासोबत १०० येन पर्यटक कर द्यावा लागतो.

धक्क्यावर उतरताच हरणे भेटतात. त्यांना काही खाऊ घालायचे नाही. नकाशा, तिकीट, कागदी पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, हरणे कागद खातात.

वाटेतल्या दगडी तोरीपाशी थांबून किंचित वाका आणि रस्त्याच्या कडेने चाला, मधली वाट देवाची मानतात. आत शिरण्याआधी हात धुवायचे. पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवा, मग पळी डावीत घेऊन उजवा. पुन्हा उजवीत घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्या, चूळ भरा आणि डावा हात परत धुवा. पळीला तोंड लावायचे नाही. शेवटी पळी उभी धरली की उरलेले पाणी दांड्यावरून ओघळते आणि पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. हे सगळे एकाच पळीभर पाण्यात बसवायचे, म्हणून प्रत्येक वेळी थोडेच ओता.

आपल्या सवयीने चपला काढू नका, इथल्या लाकडी ओसऱ्यांवरून पादत्राणे घालूनच फिरतात. खाली वाकून पाहिले तर फळ्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी दिसतात. उधाणाचे पाणी त्यांतून वर येते, त्यामुळे जमीन उखडत नाही. टोकदार टाचा मात्र त्यांत अडकतात.

मुख्य सभामंडपात पेटीत नाणे हळूच टाका. पाच येनचे नाणे शुभ मानतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि ऋणानुबंधही. मग दोनदा कमरेतून वाका, दोन टाळ्या वाजवा, मनात प्रार्थना करा आणि एकदा वाका. नारळ, फुले, उदबत्ती काही लागत नाही. इथल्या तीन समुद्रदेवतांपैकी इचिकिशिमा-हिमे पुढे बेंझाइतेनशी, म्हणजे आपल्या सरस्वतीशी, एकरूप मानली गेली. बाहेर पडण्याच्या वाटेशेजारच्या दाइगानजी या बौद्ध मंदिरात बेंझाइतेन आहे. मराठी माणसाने तिथे न थांबता पुढे जाऊ नये.

ओहोटीत तोरीकडे जाताना चिखलात रुतले तरी चालेल असे जोडे घाला, शेवाळावर पाय सटकतो. सुमारे १६ मीटर उंच असलेली आजची तोरी १८७५ सालची, कापराच्या लाकडाची आहे. तिचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत, स्वतःच्या वजनावर ती उभी आहे. वरच्या पोकळ तुळईत त्यासाठी दगड भरलेले आहेत. खांबांच्या भेगांत नाणी खोचू नका, त्याने लाकूड खराब होते. आणि पाणी परत फिरले की रेंगाळू नका, सपाट वाळूवर ते पायाशी येईपर्यंत कळत नाही.